सवय लागते तेव्हा लक्ष सुटतं

आई गेली अकरा वर्षं रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घेते. दात घासून झाले की बेसिनशेजारच्या कप्प्यातून स्ट्रिप काढायची, एक गोळी दोन घोट पाण्याबरोबर घ्यायची, स्ट्रिप परत कप्प्यात. कधी कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही. तरीही महिन्यातून एखाद्या सकाळी ती स्ट्रिप हातात धरून उभी असते आणि मला विचारते, "अरे, मी गोळी घेतली का रे मघाशी?"

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा धस्स झालं होतं. विसरभोळेपणाची ही सुरुवात तर नसेल? पण बाकी तिला सगळं लख्ख आठवतं. आदल्या दिवशी फोनवर कोण काय बोललं, कुणाला किती पैसे द्यायचे राहिलेत, मी काय आणायचं विसरलो. डॉक्टरांनी तपासलं, नेमके हेच प्रश्न विचारले आणि काळजीचं कारण नाही म्हणाले. (घरातल्या कुणाला नव्या गोष्टीच लक्षात राहत नसतील, तर मात्र दाखवून घ्यायलाच हवं.) गोळीपुरतं म्हणाल, तर उत्तर साधं होतं. ते काम तिच्या इतकं अंगवळणी पडलंय की ते करताना तिचं मन तिथे नसतंच. आणि जिथे मन नसतं तिथली आठवण नीट बनत नाही.

सवयींबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा चांगल्या आणि वाईट अशी वाटणी करतो. मला वाटतं त्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. सवय कामातून आपलं लक्ष काढून घेते. तिचे सगळे फायदे त्यातूनच येतात आणि सगळ्या मर्यादाही त्यातूनच.

नेम वेगळा, सवय वेगळी

मराठीत आपण नेम 'धरतो', तो पाळतो आणि एखाद्या दिवशी मोडतो. सवय मात्र 'लागते' किंवा 'जडते'. क्रियापदांतच फरक सांगून ठेवलाय. नेमाला रोज मनाचा जोर लावावा लागतो. सवय म्हणजे जोर न लावता होणारं काम. विशिष्ट जागा, विशिष्ट वेळ किंवा आधीचं एखादं काम समोर आलं की पुढचं आपसूक होतं. दार ओढलं की हात कडीकडे जातो, गाडीत बसलं की पट्ट्याकडे. या सुरुवातीच्या निमित्ताला आपण इशारा म्हणू. इशारा, कृती आणि मग थोडंसं समाधान किंवा सुटका, हे तिन्ही पुन्हा पुन्हा त्याच क्रमाने घडलं की सवय जडते. व्यसन हे त्यापुढचं प्रकरण. तिथे शरीर आणि मेंदू पदार्थावर अवलंबून राहायला लागतात, तेव्हा नुसत्या सवय मोडण्याच्या सल्ल्यावर भागत नाही, उपचार लागतात.

आपला दिवस किती सवयीवर चालतो? अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ वेंडी वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना दर तासाला थांबून लिहायला सांगितलं होतं की आत्ता काय करताय, कुठे आहात आणि मनात काय चाललंय. साधारण ४३ टक्के कृती अशा निघाल्या की ज्या जवळपास रोज आणि त्याच जागी केल्या जात होत्या. मला आकड्यापेक्षा दुसरी नोंद महत्त्वाची वाटते. अशी कामं करताना पुष्कळदा मनात त्या कामाचा विचारच नव्हता, भलतंच काहीतरी चाललेलं होतं.

मेंदू कामाचं गाठोडं बांधतो

मेंदूच्या आत खोलवर पेशींचे काही पुंजके आहेत, त्यांना बेसल गँगलिया म्हणतात. सवयींचा कारभार मुख्यतः त्यांच्याकडे असतो. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या मेंदू-संशोधक ॲन ग्रेबिल यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना 'टी' आकाराच्या बोळातून शेवटी ठेवलेल्या बक्षिसापर्यंत पळायला शिकवलं गेलं. नवखेपणी उंदीर पळत असताना या भागातल्या पेशी वाटभर सक्रिय असायच्या. सराव झाल्यावर त्या फक्त सुरुवातीला आणि शेवटी उसळायच्या, मधली सगळी वाट शांत. मेंदूने त्या सगळ्या धावेचं जणू एक गाठोडं बांधलं होतं. गाठ सुटली की आतलं सगळं ओळीने बाहेर.

हा कारभार आपल्या नेहमीच्या आठवणीपासून किती वेगळा असतो, हे एका रुग्णामुळे फार स्पष्ट कळलं. संशोधनात त्याचा उल्लेख ई. पी. या आद्याक्षरांनी होतो. विषाणूमुळे मेंदूला सूज येऊन त्याची नवी आठवण साठवण्याची क्षमता गेली होती. स्मृतीचे अभ्यासक लॅरी स्क्वायर आणि सहकाऱ्यांनी त्याच्यासमोर वस्तूंच्या आठ जोड्या ठेवल्या. प्रत्येक जोडीतली एक वस्तू नेहमी 'बरोबर'. आठवण शाबूत असलेला माणूस हे झटपट शिकतो. ई. पी.ला कित्येक आठवडे लागले, पण तो शिकला आणि बहुतेक वेळा बरोबर वस्तू उचलू लागला. दर वेळी खोलीत आल्यावर आपण इथे आधी आलो होतो, काय करायचं असतं, हे त्याला सांगता येत नव्हतं. हाताला मात्र माहीत होतं.

मग त्यांनी एक छोटासा बदल केला. सगळ्या सोळा वस्तू एकत्र टेबलावर ठेवल्या आणि सांगितलं, यातल्या बरोबर असलेल्या वेगळ्या काढ. त्याला जमेना. तेच टेबल, त्याच वस्तू, पण मांडणी बदलल्याबरोबर सगळं शिकलेलं जागच्या जागी अडलं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग मी कितीतरी लोकांना सांगितला असेल. सवयीची ताकद आणि तिची मर्यादा इतकी जवळजवळ ठेवलेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. सवय स्मृती हरवलेल्या माणसालाही साथ देते, आणि तीच सवय समोरची मांडणी हलली की कोलमडते.

आपली स्मृती शाबूत असते म्हणून आपण सावरून घेतो. पण घर बदललं, नोकरी बदलली, लांब सुटी झाली की वर्षभर टिकलेला व्यायाम एकाएकी का सुटतो, त्याचं उत्तर इथे आहे. इच्छाशक्ती कमी झालेली नसते. इशाराच नाहीसा झालेला असतो.

सवय काय देते

गाडी शिकतानाचे पहिले दिवस आठवा. क्लच, गिअर, आरसा, समोरून येणारा माणूस, सगळं एकाच वेळी सांभाळताना घाम फुटायचा. शेजारी कुणी बोललं तरी चिडचिड व्हायची. सहा महिन्यांनी तोच माणूस गप्पा मारत गाडी चालवतो. त्या सहा महिन्यांत त्याची हुशारी वाढलेली नसते. लक्ष मोकळं झालेलं असतं. आपलं लक्ष फार मोजकं आहे, एका वेळी ते एक-दोन गोष्टींनाच पुरतं. सवयी नसत्या तर अंघोळ आणि कपडे घालण्यातच सकाळ संपली असती.

दुसरा फायदा वाईट दिवसांत कळतो. घरात मोठं दुःख झालंय, झोप नाही, डोकं चालत नाही, तरी माणूस उठतो, दात घासतो, अंथरूण घडी करतो. त्याक्षणी त्याला कुणी 'धीर धर' म्हणण्यापेक्षा त्या अंथरुणाच्या घडीचा आधार जास्त असतो. विद्यार्थ्यांवरच्या एका अभ्यासातही असंच दिसलं की परीक्षेच्या ताणात मनाचा जोर संपतो तेव्हा माणसं सवयींकडे वळतात. ज्यांच्या सवयी चांगल्या, त्यांच्या हातून चांगलं अधिक घडतं. ज्यांच्या घातक, त्यांच्या हातून घातक. ताण माणसाला आपोआप बिघडवत नाही. तो त्याला त्याच्या सवयींच्या स्वाधीन करतो.

म्हणून सवय बरे दिवस चालू असतानाच लावून ठेवावी, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

एकवीस दिवसांचं काय?

हा आकडा सगळीकडे ऐकू येतो. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या लिखाणात सापडतं. शस्त्रक्रियेनंतर आपल्या नव्या चेहऱ्याशी जुळवून घ्यायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. पुढे त्यातला 'किमान' गळाला, चेहराही गळाला आणि कुठलीही सवय तीन आठवड्यांत लागते असा समज पसरला.

प्रत्यक्ष मोजणी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लाली आणि सहकाऱ्यांनी केली. ९६ जणांनी रोज ठरलेल्या इशाऱ्यानंतर एकेक साधी गोष्ट करायची, ८४ दिवस. ती गोष्ट न ठरवता होऊ लागण्याचा मध्य ६६ दिवसांच्या आसपास निघाला. पण माणसामाणसांतला फरक थक्क करणारा आहे, कुणाला १८ दिवस, तर कुणाच्या बाबतीत अंदाजाने पुढे काढलेला हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. पेलाभर पाणी प्यायची सवय लवकर लागली, व्यायामाची उशिरा. आणि एखादा दिवस हुकल्याने फारसं बिघडलं नाही.

नव्याचे नऊ दिवस झाले, बाविसाव्या दिवशीही कंटाळा येतोय, म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी आहे, असं वाटून किती जणांनी चांगला प्रयत्न सोडून दिला असेल. या एका चुकीच्या आकड्याचा मला राग येतो, तो त्यामुळे.

सवय लावायची म्हणजे नेमकं काय करायचं, त्यावरही बऱ्यापैकी ठोस माहिती आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्वित्झर यांनी दाखवलं की 'मी हे करीन' यापेक्षा 'अमुक झालं की लगेच तमुक करीन' अशा बांधणीचा निश्चय पुष्कळ जास्त वेळा तडीला जातो. 'रोज चालायला जाईन' हे हवेत राहतं. 'संध्याकाळी घरी आल्यावर बॅग ठेवीन, पण बूट न काढता तसाच पंधरा मिनिटं चालून येईन' याला खुंटी मिळते. पण अपेक्षा बेताची ठेवा. सवयीच्या हवाली होते ती सुरुवात. बूट न काढता बाहेर पडणं आपोआप होईल, चढावर दम मात्र दर वेळी लागेल. 'सवय झाली की कष्टच वाटत नाहीत' हे दात घासण्याबद्दल खरं आहे. व्यायामाबद्दल, अभ्यासाबद्दल, रियाजाबद्दल ते अर्धंच खरं.

आणि काय हिरावून घेते

आता एक उदाहरण करून बघा. तीन भांडी आहेत, २१, १२७ आणि ३ मापांची. नेमकी १०० मापं पाणी हवंय. मोठं भांडं भरा, त्यातून २१ काढा, मग ३ काढा, पुन्हा ३ काढा. १०० उरलं. अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञाने अशी बरीच कोडी एकामागून एक दिली, सगळी याच रीतीने सुटणारी. मग हळूच एक वेगळं दिलं. भांडी २३, ४९ आणि ३ मापांची, हवीत २० मापं. बहुतेकांनी पुन्हा मोठं भांडं भरलं, २३ काढले, ३ काढले, ३ काढले. उत्तर बरोबर. पण २३ मधून ३ काढले की २० होतात, हे कित्येकांना दिसलंच नाही. पुढच्या कोड्यात २८, ७६ आणि ३ मापांच्या भांड्यांतून २५ मापं हवी होती. इथे जुनी रीत चालतच नाही आणि सोपी रीत डोळ्यांसमोर आहे. तरी सराव झालेले अनेक जण अडकले. ज्यांनी आधीची कोडी सोडवलीच नव्हती, त्यांना ते चटकन सुटलं. हा प्रयोग १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला.

असं फक्त कोड्यात होत नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत दोन दिवसांचा संप झाला. काही स्टेशनं बंद, काही चालू. वर्षानुवर्षं एकाच मार्गाने जाणाऱ्यांना दुसरी वाट शोधावी लागली. संशोधकांनी प्रवासाच्या कार्डांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की संप मिटल्यावरही सुमारे ५ टक्के लोक त्या नव्या वाटेवरच राहिले. त्यांना चांगली वाट सापडली होती. ती आधीही होतीच, बघायची वेळ आली नव्हती. सवय लागलेल्या माणसाला आपलं ठीक चाललंय असं वाटतं, आणि खरंच ठीकच चाललेलं असतं. त्यामुळे याहून बरं काही असेल ही शंकाही येत नाही.

सर्वांत गंभीर मर्यादा सांगताना जीव जड होतो. अमेरिकेत दरवर्षी सरासरी पस्तीसहून अधिक लहान मुलं तापलेल्या बंद गाडीत दगावतात. निम्म्याहून जास्त घटनांत मूल मागच्या सीटवर आहे हे मोठ्या माणसाच्या लक्षातून गेलेलं असतं. यांत मुलांवर जीव टाकणारे आई-वडीलही असतात. अनेकदा घडतं ते असं: रोजचा रस्ता कामाच्या ठिकाणी जाणारा, त्या दिवशी मुलाला आधी सोडायचं होतं, मूल झोपलं होतं, आवाज नव्हता. हात गाडी नेहमीच्या रस्त्याने घेऊन गेले. माया किती आहे, हे सवय बघत नाही. म्हणून बॅग किंवा फोन मुद्दाम मागच्या सीटवर मुलाजवळ ठेवायला सांगतात, उतरताना मागचं दार उघडावंच लागतं. हे कळल्यापासून 'अशी कशी विसरली' असं मी कुणाही आईबद्दल म्हणत नाही.

नात्यांतही हेच घडतं, आवाज न करता. 'काय, बरं आहे ना?' आपण विचारतो, समोरून 'हो' येतं, आपण पुढच्या कामाला लागतो. गेल्या वर्षी एका जवळच्या मित्राचा तो 'हो' मी असाच तीन-चार वेळा ऐकून सोडून दिला. तो खचत चालला होता. चौकशी करायची सवय होती, ऐकायचं राहून गेलं. ऐकणं ही सवय होऊच शकत नाही, कारण त्यात लागतं ते लक्षच.

आपल्या हातात नसलेलं

सवयींवरचे बहुतेक सल्ले एक गोष्ट गृहीत धरतात, की आपला आजचा दिवस कालच्यासारखा असेल. पाळी दर आठवड्याला बदलणारा कामगार, तान्हं मूल असलेली बाई, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची देखभाल करणारी मुलगी, यांचे दिवस त्यांच्या हातात नसतात. ठरलेली वेळ नाही, ठरलेली जागा नाही, मग इशारा कुठून आणायचा? त्यांना शिस्तीवर भाषण देणं अन्याय आहे. घड्याळाशी बांधता येत नसेल तर कामाशी बांधा, एवढं सांगता येईल. 'सकाळी सहा वाजता' ऐवजी 'बाळ झोपलं की'. पण त्याहून खरी मदत म्हणजे कुणीतरी त्यांचा तास-दोन तास मोकळा करून देणं.

शिवाय आपण ज्याला वैयक्तिक सवय म्हणतो ती पुष्कळदा एकट्याने लागलेली नसते. गाडीतला तीन टोकांचा सुरक्षा पट्टा व्होल्वोचे अभियंता निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये आणला. पट्टा होता, फायदा माहीत होता, तरी बरेच लोक लावत नव्हते. १९७० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने जगात पहिल्यांदा तो सक्तीचा केला, मागोमाग इतर देशांनी. कायदा आल्यावर हात वळले आणि मग मुलं ते बघतच मोठी झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं की जगातले ९९ टक्के लोक संघटनेने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा खराब हवेत श्वास घेतात. पहाटे उठून दीर्घ श्वास घेण्याच्या सवयीने ती हवा साफ होणार नाही. ते काम सगळ्यांनी मिळून मागायचं आहे.

राहिली जुनी खोड. 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही म्हण थोडी निष्ठुर आहे, पण अगदीच निराधार नाही. ग्रेबिल यांच्याच प्रयोगशाळेत उंदरांची सवय मोडल्यावर पेशींचा तो ठसा पुसट झाला, आणि बक्षीस परत ठेवल्याबरोबर तो लगेच उमटला. जुनं पुसलं जात नाही, दबून राहतं. म्हणून वर्षभर सोडलेली गोष्ट जुन्या जागी, जुन्या सोबतीत पुन्हा हातात येते. मनाला दोष देत बसण्यापेक्षा जागा बदलणं, वस्तू नजरेआड करणं, हात पोहोचायला चार पावलं लांब ठेवणं जास्त उपयोगी पडतं.

आमच्या घरी हे नुकतंच करावं लागलं. डॉक्टरांनी आईची गोळी सकाळऐवजी रात्री घ्यायला सांगितली. पहिल्याच दिवशी तिने सकाळी सवयीने घेतली आणि रात्री आठवणीने घेतली. दुसऱ्या दिवशी उठल्यावर चक्कर आली. डॉक्टरांना फोन केला, दिवसभर दाब मोजला, सुदैवाने निभावलं. मग सात खणांची डबी आणली, प्रत्येक खणावर वार. रविवारी भरायची आणि तिच्या उशाशी ठेवायची. गोळी घेतली की नाही हे आता तिला कुणाला विचारावं लागत नाही, खण रिकामा दिसतो. बेसिनशेजारचा कप्पा आम्ही रिकामाच ठेवलाय. पुढचे दोन-तीन आठवडे दात घासून झाले की तिचा हात तिथे जायचा, थोडा वेळ तसाच आत राहायचा, मग ती टॉवेलला हात पुसायची.